बावीस नंबरची बरणी

पार्सिपनी,
२३ मार्च २०२५

प्रिय सावनी,
अनेक आशीर्वाद.

हातानं लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस. फोन केला की तू हॅलो म्हणतेस, मी हॅलो म्हणते, आणि पुढे दोघींनाही काही सुचत नाही. मग तू "काकू, मीटिंग आहे" म्हणतेस. असतील खरंच मीटिंगा, मी कुठे नाही म्हणते. पण पत्राच्या आड मीटिंग येत नाही, म्हणून हा उद्योग.

गेल्या शनिवारी एक फोन आला. "नील आहे का?" गेल्या दोन महिन्यांत असे फोन खूप आले, डेंटिस्टचे, जिमचे. माझं वाक्य आता पाठ झालंय, मी ते म्हणून टाकते. पण हा माणूस चक्क रडायला लागला. मॅन्युएल त्याचं नाव. रूट ४६ वर टाइल्सच्या दुकानाशेजारी, जिथे आपली आपल्याला वाइन करता येते, ते दुकान त्याचं. तुम्ही दोघांनी ऑक्टोबरमध्ये लग्नासाठी वाइन घातली होती, तिचा गाळ खाली बसलाय, आता वरची दुसऱ्या बरणीत काढायची वेळ झाली, कोणी येणार आहे का, असं विचारत होता.

तुला आठवत असेल मी त्या वाइनवरून किती कटकट केली होती. माझ्या मुलाच्या लग्नात पाहुण्यांच्या हातात दारूची बाटली देणार नाही, म्हणाले होते. नील म्हणाला, "आई, इट्स जस्ट ग्रेप ज्यूस दॅट ग्रू अप." चार दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. आता त्या चार दिवसांचं काय करू?

तर मी गेले. तुझा रवीकाका आला नाही. तो जानेवारीपासून टेनिस बघतो, कुठल्या देशातलंही. दुकानात मागच्या खोलीत ओळीनं मोठमोठ्या काचेच्या बरण्या, एकेकीत आपली दुधाची सहा गॅलनं मावतील एवढ्या. बावीस नंबरच्या बरणीला चिठ्ठी लावलेली, नीलच्या गिचमिड अक्षरात तुमची दोघांची नावं. मॅन्युएलनं नळीनं थोडी काढून इवल्याशा ग्लासात दिली. टेस्टिंग म्हणजे पिणं नाही, चाखून थुंकून टाकलंत तरी चालतं, म्हणाला. बासष्ट वर्षांत मी पहिल्यांदा हा प्रकार तोंडाला लावला. कच्च्या जांभळासारखी तुरट होती, जीभ जड झाली. पण थुंकायला जिवावर आलं गं. त्याच्या हातची होती.

तो आणखीही काही सांगत होता. त्याचं इंग्लिश मला निम्मं कळत नाही, ते असो. ऑक्टोबरमध्ये बाटल्या भरायच्या. तू यायचंस, पहिला घोट तू घ्यायचास. अक्षता पडल्या नाहीत म्हणून काय झालं, तू माझी सूनच आहेस. आता ते काकू काकू पुरे कर.

तुझी,
आई


सांता क्लारा,
१३ एप्रिल २०२५

प्रिय काकू,
सा. न.

सॉरी, सवय आहे. शिवाय पुण्यात दहावीनंतर मी मराठीत पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे चुका पदरात घ्या.

तुम्ही तिथे गेलात हे वाचून मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. मला तो दिवस पूर्ण आठवतो. द्राक्षं क्रश करायच्या आधी कुठली वाइन करायची ते ठरवायला मॅन्युएल मागच्या वर्षीच्या चाखायला देतो. आम्ही सहा चाखल्या. नील प्रत्येकीला घरातल्या माणसाचं नाव देत होता. एक एकदम शांत, गिळल्यावर मिनिटभरानं चव कळायची, तिला म्हणाला, "धिस इज बाबा." चौथी आधी जीभ सोलून काढायची आणि मग हळूच गोड लागायची. ती चाखून तो एवढा हसला की त्याच्या शर्टावर सांडली. म्हणाला, "दॅट्स आई." आम्ही तीच घेतली, काकू. बावीस नंबरच्या बरणीत तुम्हीच आहात.

त्या दिवशी घरी जाताना त्याच्या हातांना, नखांना जांभळा रंग होता. दोन आठवडे गेला नव्हता.

ऑक्टोबरचं आत्ता सांगता येत नाही. आमचं एक मोठं रिलीज आहे. बघते.

एक विचारायचं होतं. फ्युनरलला आले होते तेव्हा कोणीतरी म्हणालं की अपघातानंतर पोलिसांनी गाडीतली बॅग तुम्हाला परत दिली. कपड्यांची बॅग. त्या दिवशी तो हॅकेट्सटाउनच्या त्याच्या घरून कुठे निघाला होता, तुम्हाला काही बोलला होता का? रूट ८० वर ईस्टला एवढंच मला माहीत आहे. तुमच्याकडे येतानाही तोच रस्ता, आणि एअरपोर्टलाही तोच. नको असेल तर उत्तर देऊ नका.

तुमची,
सावनी


पार्सिपनी,
२२ जून २०२५

प्रिय सावनी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी पोळपाटाच्या कपाटात ठेवलंय. पोळ्या करताना रोज हाताशी येतं. जीभ सोलून काढणारी म्हणे. कार्ट्यानं तोंडावर म्हणून दाखवायचं होतं, दिली असती एक ठेवून. मी हसले आणि मग किती तरी वेळ रडले, हे तुला सांगायला मला लाज नाही.

बॅगेचं विचारलंस. ती कपाटात आहे. त्यावर आत्ता नको बोलायला.

आता नवीन बातमी. बरणी आपल्या घरी आहे. मॅन्युएल दुकान दुसरीकडे हलवतोय, पलीकडच्या मोठ्या गाळ्यात. सगळ्यांच्या बरण्या ट्रकमध्ये घालून नेणार होता. मी म्हटलं, काचेच्या बरणीला ट्रकमध्ये कोण सांभाळणार? त्यानं खूप समजावलं, पण मी ऐकायची नव्हते. शेवटी रवीला उठवून नेलं. मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवली तिला. रवीनं गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न मारत होते. नीलला हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं तेव्हा अशीच चालवली होती.

निघण्याआधी पुन्हा चाखली. तुरटपणा कमी झालाय. मॅन्युएल म्हणाला, ही चांगली होणार आहे, ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका.

नीलच्या खोलीत खिडकीपासून लांब, अंधारात ठेवली आहे. तोंडाला बूच आणि त्यात एक वाकडी प्लॅस्टिकची नळी होती, नळीत पाणी. सुरुवातीला अधूनमधून बुडबुडा यायचा. मी शेजारी बसून ऐकायची, खोलीत कोणीतरी आहे असं वाटायचं. मग आठवडाभर एकही बुडबुडा नाही. मला वाटलं जीव गुदमरतोय तिचा. आपल्या लोणच्याच्या बरणीला आपण बूच ठोकतो का? दादरा बांधतो, धूळ जात नाही आणि आतलं श्वास घेतं. मग मी ती नळी काढली, नीलच्या मुंजीतलं मऊसूत उपरणं होतं त्याचा चौकोन फाडला आणि छान दादरा बांधला. आता बरणी घरातली वाटते.

रिलीज कोणाला चुकलंय? पण चार दिवस येशीलच. तिकिटाचं लवकर बघ.

तुझी,
आई


सांता क्लारा,
२७ जुलै २०२५

प्रिय काकू,
सा. न.

दादऱ्याचं वाचून खूप दिवसांनी हसले. नीलनं फोटो काढून सगळ्यांना पाठवला असता.

तुम्ही मला सून म्हणता, तुमच्या मैत्रिणींचे मला मेसेज येतात, "बी स्ट्राँग बेटा" वगैरे. मला ते सगळं घ्यायला जड जातं. एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. तीन वेळा लिहिलं आणि डिलीट केलं, म्हणजे हे पत्र आधी लॅपटॉपवर लिहिते आणि मग कागदावर उतरवते. आजही जमत नाहीये.

ऑक्टोबरमध्ये मला यायला नाही जमणार, काकू. रिलीजमुळे. तुम्ही आणि रवीकाका भरा बाटल्या.

बॅगेचं मी उगाच विचारलं. तुम्ही काही बोलला नाहीत त्यावरून मला कळायचं ते कळलं.

तब्येतीला जपा.
सावनी


पार्सिपनी,
१ सप्टेंबर २०२५

प्रिय सावनी,
अनेक आशीर्वाद.

काल मंडळाच्या गणपतीला गेले होते. या वर्षी जायचं नव्हतं, पण सुमित्रा घरी येऊन बसली, म्हटलं चला. सुमित्रा म्हणजे आमची समोरची, लग्नात तुझी ओटी भरणार होती ती. तिथे प्रत्येकजण विचारतं, सावनी कशी आहे. मी सांगते, पत्र लिहिते मला. बायका गप्प होतात, त्यांच्या सुना समोर उभ्या असून बोलत नाहीत.

मॅन्युएलचा फोन होता. बाटल्यांना लेबल छापायचं आहे, काय नावं घालायची विचारतोय. मी म्हटलं, माझ्या मुलीला विचारून सांगते. तूच सांग. दोघांची नावं आणि खाली लग्नाची तारीख, २५ ऑक्टोबर, असं घालू? की आणखी काही? त्याच दिवशी भरू या. तुझं रिलीज एक दिवस पुढे ढकलता येत नाही का?

लवकर लिही. त्याला छापायला वेळ लागतो.

तुझी,
आई


सांता क्लारा,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय उत्तराकाकू,

लेबलवर माझं नाव घालू नका.

हे मी फोनवर सांगू शकले नसते, म्हणून बरं झालं तुम्ही पत्रांची सवय लावलीत. ५ जानेवारीला मी नीलला फोनवर सांगितलं की मला लग्न करायचं नाही. भांडण नव्हतं. तो न्यू जर्सी सोडणार नव्हता, तुम्हाला दोघांना सोडून त्याला यायचं नव्हतं. मला इथलं काम सोडायचं नव्हतं. आणि हेच एक कारण होतं असं म्हणणंही खोटं आहे. मला त्याच्याबद्दल प्रेम वाटायचं, पण घाई वाटायची नाही. तो दिवसागणिक मेनू आणि हॉल बघत होता आणि मी त्याचे ईमेल न उघडता ठेवत होते. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "घरी मी सांगतो, तू नको." त्यानं सांगितलं नव्हतं हे मला फ्युनरलला कळलं, तुम्ही मला मिठी मारून "माझी सून, माझी सून" म्हणालात तेव्हा. त्या क्षणी मी काय बोलणार होते?

मग आठ महिने मी ती मिठी परत केली नाही. लोक मला डबे देत होते, कार्ड पाठवत होते, मी घेत राहिले. मला स्वतःचीच किळस येते.

आणि सगळ्यात मोठं हे. १३ तारखेला त्यानं मेसेज केला होता, "कॅन आय कम अँड टॉक?" मी लिहिलं, "प्लीज डोंट." १४ तारखेला तो बॅग घेऊन रूट ८० वर होता. रस्त्यावर बर्फ होता आणि तो तरीही निघाला. मी नाही म्हटल्यावरही तो माझ्याकडे यायला निघाला होता, काकू. तुम्ही बॅगेबद्दल बोलला नाहीत तेव्हा माझी खात्री झाली. तुम्हाला ते तिकीट सापडलं असेल आणि तुम्ही मला वाचवायला गप्प राहिलात.

मला सून म्हणू नका. तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला.

याला उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन.

सावनी


पार्सिपनी,
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय सावनी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहिलं आणि फाडलं. असं चार वेळा झालं. या पाच आठवड्यांत तुझं काय झालं असेल ते मला कळतंय, आणि तरीही मी वेळ लावला. माझ्यात धीर नव्हता.

आधी तुझं. मला माहीत होतं. मार्चमध्ये पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हाच मॅन्युएलनं सांगितलं होतं. त्याचं इंग्लिश मला पूर्ण कळतं, मी तुला खोटं लिहिलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नील एकटाच तिथे गेला होता. बरणीसमोर स्टूल घेऊन बसला. म्हणाला, लेबल छापू नका, लग्न होणार नाही. मॅन्युएलनं विचारलं, मग हिचं काय करायचं, ओतून टाकू? तर म्हणाला, नको, ठेवा, एकदा आईला चाखवायची आहे.

म्हणजे मला माहीत असून मी तुला सून सून म्हणत राहिले. का, ते ऐक. रवी त्याचं नाव घेत नाही. मैत्रिणी मी आल्यावर मुलांचे विषय बदलतात. त्याच्याबद्दल बोलायला जगात एक तूच होतीस, आणि तू खरं सांगून मोकळी झालीस की मला पत्र कशाला लिहिशील? लेबलसाठी मॅन्युएलचा फोन आलाच नव्हता, तुला मुद्दाम विचारलं. तू खोटं का होईना, हो म्हणावंस आणि येऊन माझ्याजवळ उभं राहावंस, एवढंच हवं होतं. तुला कोंडीत पकडलं मी. ते वाईट केलं.

आता माझं. त्या दिवशी संक्रांत होती, हे तू विसरलीस. दुपारी दोनला नीलचा फोन आला, "आई, रोड्स आर रिअली बॅड. सॅटर्डेला येतो." मी म्हटलं, तिळगूळ शनिवारी घेतात का? वड्या केल्यात, गुळाची पोळी केली आहे, आणि दोन दिवस राहायचं, धुवायचे कपडे घेऊन ये. तो म्हणाला, "आई, सीरियसली." मी म्हटलं, इतर वेळी बर्फात स्कीइंगला जाता, आईकडे यायचं म्हटलं की रोड्स बॅड होतात. तेव्हा तो हसून म्हणाला, "ओके, ओके, येतो." ते शेवटचं.

बॅग मी पहिल्याच आठवड्यात उघडली होती. त्यात दोन शर्ट, मोजे आणि मळक्या कपड्यांची पिशवी आहे. तिकीट नव्हतं. त्याच्या फोनमध्येही नव्हतं, रवीनं सगळं पाहिलंय. तुझ्या "प्लीज डोंट"ला त्यानं लिहिलेलं उत्तर तिथे आहे, पाठवायचं राहून गेलेलं. "ओके. आय वोंट." त्यानं तुझं ऐकलं होतं, सावनी. त्यानं माझंही ऐकलं.

तू एप्रिलमध्ये विचारलंस तेव्हाच हे सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं म्हणजे मी त्याला बोलावलं हे सांगायचं. रवीलासुद्धा सांगितलं नव्हतं. सहा महिने माझा भार तू वाहिलास आणि मी बघत राहिले. मला क्षमा कर असं म्हणत नाही, ते तुझ्यावर आणखी एक ओझं होईल.

बरणीचं काय झालं तेही सांगते. गेल्या शनिवारी मॅन्युएल घरी आला, बाटल्या भरण्याआधीच्या शेवटच्या टेस्टिंगला. दादरा बघून दारातच थबकला. नळीनं काढली, चाखली, ग्लास खाली ठेवला आणि जमिनीकडे बघत बसला. ती नळी तिला गुदमरवत नव्हती, तीच तिला वाचवत होती. चार महिने हवा लागून सगळीचं व्हिनेगर झालं. तीस वर्षं मी लॅबमध्ये होते, नमुन्याचं बूच उघडं राहिलं म्हणून पोरींना रडवलंय. आणि मला एवढं कळू नये. जपायला म्हणून केलं मी, सगळंच.

मी तिथेच नीलच्या खोलीत खाली बसले आणि रवीला संक्रांतीच्या फोनचं सांगून टाकलं. मॅन्युएल बिचारा काही न कळून टोपी हातात धरून उभा. रवीनं तो ग्लास उचलला आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं. तोंड वेडंवाकडं झालं त्याचं. मग म्हणाला, "नीलला आंबटच आवडायचं." जानेवारीनंतर पहिल्यांदा त्यानं नाव घेतलं. नंतर आम्ही तिघांनी मिळून अठ्ठावीस बाटल्या भरल्या. लेबल लावलं नाही.

त्यातली एक तुला वेगळ्या पार्सलनं पाठवते आहे, बूच घट्ट लावलंय. हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, मीठ घालून त्यात मुरव. आठ दिवसांनी खायला घे. तिखट लागेल.

२५ तारखेला घरात बसून राहू नकोस. कामावर जा. मीटिंग असली तर घे.

तुझी,
उत्तराकाकू